पोषण जीवरसायनशास्त्र

पोषण जीवरसायनशास्त्र ही जीवरसायनशास्त्र आणि पोषणशास्त्र यांच्या सीमेवरील विद्याशाखा आहे. अन्नातील घटकांचे पचन, शोषण, वहन, साठवण, रूपांतर आणि उत्सर्जन शरीरात कोणत्या रासायनिक अभिक्रियांनी होते आणि या अभिक्रियांत अडथळा आल्यास कोणते विकार उद्भवतात, याचा अभ्यास या शाखेत केला जातो. आहारशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात हा पायाभूत विषय असून विद्यार्थ्यांमध्ये तो अवघड म्हणून प्रसिद्ध आहे. चयापचयाची चक्रे पाठ करण्याचा विषय, अशी त्याची ओळख अनेक महाविद्यालयांत रूढ झाली आहे. प्रत्यक्षात आहारतज्ज्ञाने दिलेला सल्ला कोणत्या रुग्णाला हितकारक आणि कोणाला घातक ठरेल, हे पुष्कळदा याच चक्रांतील एखाद्या टप्प्यावर ठरते.

विषयाचे स्वरूप

अन्नरसायनशास्त्राचा विचार साधारणपणे ताटापर्यंत येऊन थांबतो. धान्य दळल्यावर, भाजी शिजवल्यावर किंवा दूध नासल्यावर काय होते, हे ते सांगते. कोणाला कोणता अन्नघटक किती लागतो, हे पोषणशास्त्र सांगते. घास गिळल्यानंतरचे ‘का’ आणि ‘कसे’ हा पोषण जीवरसायनशास्त्राचा प्रांत आहे.

घरगुती उदाहरण घ्यायचे तर कांदेपोह्यांवर लिंबू पिळण्याची रीत घेता येईल. वनस्पतिजन्य अन्नातील लोह बहुतांशी फेरिक स्वरूपात असते आणि आतड्यात ते सहज शोषले जात नाही. लिंबातील क जीवनसत्त्व, म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल, त्याचे क्षपण करून त्याला फेरस स्वरूपात आणते आणि विद्राव्य ठेवते. चहातील टॅनिन वर्गाची संयुगे आणि धान्य-कडधान्यांतील फायटेट लोहाला बांधून ठेवतात व त्याचे शोषण घटवतात. महाराष्ट्रातील न्याहारीत लिंबू आणि चहा दोन्ही एकाच वेळी येतात, त्यामुळे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेतल्यासारखे होते. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात (२०१९–२१) भारतातील १५ ते ४९ वर्षे वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. हे पाहता चहा जेवणानंतर तासाभराने घ्यावा हा सल्ला क्षुल्लक राहत नाही. अर्थात रक्तक्षयाचे कारण दर वेळी लोहाची कमतरता हेच असते असे नाही. त्याचा विचार पुढे आला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

या शाखेचा उगम मुख्यतः अभावजन्य रोगांच्या शोधात आहे. १८८० च्या दशकाच्या अखेरीस डच वैद्यक क्रिस्तियान आइकमान हे बटाव्हिया (आजचे जकार्ता) येथे बेरीबेरी या रोगाचे कारण शोधत होते. प्रयोगशाळेतील कोंबड्यांना लष्करी रुग्णालयाच्या स्वयंपाकघरातील उरलेला पांढरा भात घातला जात असे. त्या कोंबड्यांच्या पायांतील शक्ती गेली. पुढे स्वयंपाकी बदलला आणि ‘सैनिकांचा’ भात कोंबड्यांना देण्यास त्याने नकार दिला. साध्या, कमी सडलेल्या तांदळावर त्या बऱ्या झाल्या. या योगायोगातून तांदळाच्या कोंड्यात काही संरक्षक घटक असल्याचे ध्यानात आले. आइकमान यांनी आरंभी याचा अर्थ वेगळा लावला होता. भातात विष असून कोंड्यात त्याचा उतारा आहे, असे त्यांचे मत होते. अन्नात काहीतरी ‘कमी’ असल्याने रोग होतो, हा अर्थ त्यांचे सहकारी खेरिट ग्राइन्स यांनी १९०१ मध्ये मांडला. १९१२ मध्ये कॅसिमिर फुंक यांनी अशा घटकांना ‘व्हायटामिन’ हे नाव दिले. आइकमान आणि इंग्रज जीवरसायनतज्ज्ञ फ्रेडरिक हॉपकिन्स यांना १९२९ चे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले.

भारतात पोषणविषयक संशोधनाचा आरंभ १९१८ मध्ये निलगिरीतील कुन्नूर येथे रॉबर्ट मॅककॅरिसन यांच्या बेरीबेरी चौकशीने झाला. त्यातूनच पुढे पोषण संशोधन प्रयोगशाळा उभी राहिली. ती १९५८ मध्ये हैदराबादला हलवण्यात आली आणि आज राष्ट्रीय पोषण संस्था या नावाने ओळखली जाते. मुंबईचा वाटाही मोठा आहे. ब्रिटिश वैद्यक लूसी विल्स यांनी १९२८ पासून परळ येथील हाफकिन संस्थेत कापड गिरण्यांतील गरीब कामगार स्त्रियांच्या गरोदरपणातील रक्तक्षयाचा अभ्यास केला. या रक्तक्षयात तांबड्या पेशी आकाराने मोठ्या होत. यीस्टपासून केलेल्या मार्माइट या स्वस्त पदार्थाने तो बरा होतो, असे त्यांनी १९३१ मध्ये दाखवून दिले. यीस्टमधील हा घटक काही काळ ‘विल्स घटक’ या नावाने ओळखला जात होता. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून एक घटक वेगळा करण्यात आला. पानाला लॅटिनमध्ये फोलियम म्हणतात, म्हणून त्याला फोलिक आम्ल हे नाव मिळाले. पुढे १९४० च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्र प्रदेशातील भीमावरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली त्याचे संश्लेषण झाले. परळच्या गिरणगावात सुरू झालेले हे संशोधन आज जगभरातील गरोदर स्त्रियांना दिल्या जाणाऱ्या गोळीत उतरले आहे.

मराठी वाचकांच्या दृष्टीने या क्षेत्रातील महत्त्वाचे नाव कमला सोहोनी (माहेरच्या भागवत) यांचे आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत स्त्री असल्याच्या कारणावरून त्यांना आधी प्रवेश नाकारण्यात आला आणि नंतर अटींवर देण्यात आला. तेथे त्यांनी दूध व कडधान्ये यांतील प्रथिनांवर काम केले. केंब्रिज विद्यापीठाची पीएच.डी. त्यांना १९३९ मध्ये मिळाली. विज्ञानातील ही पदवी मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी होत. कुन्नूरच्या प्रयोगशाळेत काही काळ काम केल्यावर त्या मुंबईच्या विज्ञान संस्थेत आल्या आणि पुढे तिच्या संचालक झाल्या. नीरा या पेयाच्या पोषणमूल्यांवरील त्यांचे काम विशेष गाजले. लेखिका आणि लोकसंस्कृतीच्या अभ्यासक दुर्गा भागवत या त्यांच्या भगिनी होत.

अभ्यासक्रमातील स्थान

महाराष्ट्रात हा विषय गृहविज्ञान तसेच अन्न, पोषण व आहारशास्त्र या पदव्यांच्या अभ्यासक्रमांत शिकवला जातो. मुंबईतील निर्मला निकेतन गृहविज्ञान महाविद्यालय, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी महिला विद्यापीठाची महाविद्यालये, नागपूरचे लेडी अमृतबाई डागा महाविद्यालय आणि परभणी येथील कृषी विद्यापीठाचे महाविद्यालय ही या शिक्षणाची जुनी केंद्रे आहेत. विद्यापीठागणिक तपशील बदलतो, पण क्रम साधारणपणे ठरलेला असतो. आधी कर्बोदके, प्रथिने, मेद आणि न्यूक्लिइक आम्ले यांची रचना, मग विकर, त्यानंतर चयापचयाचे मार्ग आणि शेवटी जीवनसत्त्वे, खनिजे व संप्रेरके. रुग्णांच्या आहाराचा, म्हणजे चिकित्सकीय पोषणाचा विषय बहुधा नंतरच्या सत्रांत येतो. परिणामी क्रेब चक्र शिकताना मधुमेही रुग्ण समोर नसतो, आणि मधुमेह शिकताना क्रेब चक्र विसरलेले असते. विषयाच्या अवघडपणाचे हे एक खरे कारण आहे.

एक अभिक्रिया आणि बेरीबेरी

चयापचय केवळ पाठांतराने न शिकता समजून कसा घेता येतो, हे पायरुवेट डिहायड्रोजिनेज या विकर-संकुलाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ग्लुकोजच्या सहा कार्बनी रेणूचे विघटन होऊन तीन कार्बनी पायरुवेटाचे दोन रेणू तयार होतात. हा भाग पेशीद्रव्यात घडतो आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. पुढे पायरुवेट तंतुकणिकेत शिरते. तेथे त्याचा एक कार्बन कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने निघून जातो आणि उरलेल्या दोन कार्बनांचे ॲसिटिल-कोएंझाइम-ए बनते. तेच क्रेब चक्रात प्रवेश करते. ग्लुकोजमधील बहुतेक ऊर्जा या चक्रातून आणि त्याला जोडलेल्या इलेक्ट्रॉन-वहन साखळीतून मिळते. म्हणजे पायरुवेटापासून ॲसिटिल-कोएंझाइम-ए बनणे हे एक फाटक आहे. ते अडले तर ग्लुकोज असूनही ऊर्जा मिळत नाही.

या फाटकाला पाच सहविकर लागतात. थायामिन पायरोफॉस्फेट हे थायामिनपासून म्हणजे बी-१ जीवनसत्त्वापासून बनते, एफएडी रायबोफ्लेविनपासून, एनएडी नायसिनपासून आणि कोएंझाइम-ए पँटोथेनिक आम्लापासून. पाचवे लायपोइक आम्ल शरीर स्वतः तयार करते. ब-गटातील चार जीवनसत्त्वे एकाच अभिक्रियेत एकत्र आलेली येथे दिसतात. ‘ब जीवनसत्त्वे शक्ती देतात’ हे जाहिरातींतील विधान याच ठिकाणी तपासता येते. या जीवनसत्त्वांत स्वतःची उपयुक्त ऊर्जा नसते. अन्नातील ऊर्जा मोकळी करणाऱ्या विकरांना ती मदत करतात, एवढाच त्याचा अर्थ. ज्याला त्यांची कमतरता नाही, त्याला जादा गोळ्यांनी जादा शक्ती येत नाही.

थायामिन कमी पडले की पायरुवेट साचते आणि त्याचे लॅक्टेटात रूपांतर होते. ऊर्जेसाठी मुख्यतः ग्लुकोजवर विसंबणाऱ्या मज्जासंस्थेला आणि सतत काम करणाऱ्या हृदयाला त्याचा फटका प्रथम बसतो. बेरीबेरीच्या ‘कोरड्या’ प्रकारात नसा आणि ‘ओल्या’ प्रकारात हृदय बाधित होते, याचे कारण येथे सापडते. ऑक्सफर्डमध्ये रुडॉल्फ पीटर्स यांनी १९३० च्या दशकात थायामिनविरहित आहारावर ठेवलेल्या कबुतरांच्या मेंदूच्या ऊतीत हा बिघाड दाखवला. पेशींत डोळ्यांना दिसणारी इजा होण्याआधीच रासायनिक इजा होते, ही कल्पना या कामातून पुढे आली. थायामिन पायरोफॉस्फेटाचे सहविकर म्हणून कार्य १९३७ मध्ये सिद्ध झाले. हॅन्स क्रेब्ज यांनी आपले चक्र मांडले तेही त्याच वर्षी.

तांदूळ सडून पांढरा केला की कोंडा आणि अंकुर निघून जातात आणि त्यांबरोबर थायामिनचा मोठा भागही जातो. उकड्या तांदळात मात्र भात भिजवून वाफवला जात असल्याने टरफलाखालील थरांतील पाण्यात विरघळणारी जीवनसत्त्वे दाण्याच्या आत सरकतात आणि नंतर सडल्यावरही बरीच टिकतात. दक्षिण भारतात उकडा तांदूळ खाणाऱ्या भागांत बेरीबेरी कमी का, याचा उलगडा यातून झाला. कोकणातील आणि गोव्यातील उकड्या तांदळाची पेज या दृष्टीने शास्त्रशुद्ध म्हणावी लागेल.

उपवास आणि उपासमार

आहारशास्त्राच्या विद्यार्थ्याने शरीराच्या तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात. जेवणानंतरच्या अवस्थेत इन्शुलिन या संप्रेरकाचे वर्चस्व असते. ग्लुकोज पेशींत शिरतो आणि जादा भाग ग्लायकोजेन व मेद या रूपांत साठवला जातो. काही तास पोट रिकामे राहिले की ग्लुकागॉनचा प्रभाव वाढतो आणि यकृत आपल्या सुमारे १०० ग्रॅम ग्लायकोजेनातून रक्तात ग्लुकोज सोडते. हा साठा साधारण एका दिवसात संपतो. स्नायूंत ग्लायकोजेन अधिक असले तरी ग्लुकोज मुक्त करणारे विकर तेथे नसल्याने ते रक्ताच्या कामी येत नाही.

यानंतरची अवस्था उपासमारीची. मेंदूला दररोज सुमारे १२० ग्रॅम ग्लुकोज लागतो. मेदाम्लांपासून शरीर ग्लुकोज बनवू शकत नाही, कारण पायरुवेटापासून ॲसिटिल-कोएंझाइम-ए हा प्रवास एकेरी आहे. म्हणून आरंभी स्नायूंतील प्रथिने मोडून त्यांच्या ॲमिनो आम्लांपासून यकृतात ग्लुकोज तयार होतो. असेच चालू राहिले तर माणूस थोड्याच काळात स्नायू गमावून मरेल. काही दिवसांत यकृत मेदाम्लांपासून कीटोन द्रव्ये बनवू लागते, मेंदू त्यांचा इंधन म्हणून स्वीकार करतो आणि प्रथिनांची झीज मंदावते. अनियंत्रित मधुमेहात हीच कीटोन द्रव्ये इन्शुलिनच्या अभावी बेसुमार तयार होऊन रक्त आम्लधर्मी होते व जीव धोक्यात येतो. यंत्रणा एकच, फरक नियंत्रणाचा.

आपल्याकडील एकादशीचा उपवास जीवरसायनशास्त्राच्या अर्थाने बहुधा उपवास नसतो. साबुदाणा म्हणजे कसावाच्या कंदातील जवळजवळ शुद्ध स्टार्च. साबुदाण्याची खिचडी, बटाटा आणि रताळे खाल्ल्यावर इन्शुलिनची पातळी इतर दिवसांहून कमी राहण्याचे काही कारण नाही. ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण या बाबतीत प्रयोगशाळेच्या निष्कर्षाशी जुळते. मधुमेही रुग्ण ‘आज उपवास आहे’ असे सांगतो तेव्हा ताटात काय आहे हे विचारणे आहारतज्ज्ञाचे काम आहे. उपवास निर्जळी असेल तर धोका उलट दिशेचा असतो. विशेषतः इन्शुलिन घेणाऱ्या व्यक्तीची रक्तशर्करा धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते.

फोलेट, बी-१२ आणि रक्तक्षयाचे कोडे

रक्तक्षय म्हटला की लोह, हे समीकरण लोकमानसात पक्के आहे. ‘रक्त कमी आहे, बीट खा’ हा सल्ला तर घरोघरी मिळतो. बिटाचा रंग बीटालेन या रंगद्रव्याचा असतो, त्याचा हिमोग्लोबिनशी काहीही संबंध नाही. लोहाच्या अभावात तांबड्या पेशी लहान व फिकट होतात. फोलेट किंवा बी-१२ जीवनसत्त्व कमी पडले तर त्या उलट मोठ्या होतात, कारण डीएनए तयार न झाल्याने पेशींचे विभाजन खोळंबते आणि वाढ मात्र चालू राहते.

ही दोन्ही जीवनसत्त्वे मेथिओनिन सिंथेज या एकाच विकराशी बांधलेली आहेत. या अभिक्रियेत मेथिल-फोलेट आपला मेथिल गट बी-१२ च्या मध्यस्थीने होमोसिस्टीनला देते. त्यामुळे मेथिओनिन तयार होते आणि फोलेट पुन्हा उपयोगी रूपात मोकळे होते. बी-१२ नसेल तर फोलेट मेथिल रूपात अडकून पडते. शरीरात फोलेट असते, पण कामाला येत नाही. या अवस्थेला ‘फोलेट सापळा’ म्हणतात.

अशा रुग्णाला मोठ्या मात्रेत फोलिक आम्ल दिल्यास ते सापळ्याला वळसा घालून डीएनएच्या निर्मितीसाठी उपलब्ध होते. रक्ताचे चित्र सुधारते. रुग्ण आणि कुटुंबीय समाधानी होतात. मात्र बी-१२ वर अवलंबून असलेली नसांची हानी आतल्या आत चालूच राहते. हातापायांना मुंग्या येणे, तोल जाणे, विस्मरण अशी लक्षणे पुढे दिसतात आणि उशीर झाल्यास ती पूर्णपणे भरून येत नाहीत. १९४० च्या दशकात, बी-१२ हाती येण्यापूर्वी घातक रक्तक्षयाच्या रुग्णांना फोलिक आम्ल देण्यात आले, तेव्हा वैद्यकांना हा अनुभव आला. शुद्ध बी-१२ वेगळे करण्यात १९४८ मध्ये यश मिळाले.

भारतात या प्रश्नाला विशेष महत्त्व आहे. बी-१२ केवळ सूक्ष्मजीव तयार करतात आणि ते प्राणिजन्य अन्नातूनच मिळते. पूर्ण शाकाहारी व्यक्तीला दूध, दही, ताक हेच त्याचे मुख्य नैसर्गिक स्रोत होत. इडलीसारखे आंबवलेले पदार्थ किंवा मोड आलेली कडधान्ये यांवर त्यासाठी विसंबता येत नाही. यकृतातील साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे दूधही वर्ज्य करणाऱ्यांत कमतरता उशिरा उघडकीस येते. हे सर्व खरे असले तरी गरोदरपणाच्या आधी आणि आरंभी फोलिक आम्लाची गरज त्यामुळे कमी होत नाही. ते वेळेवर घेतल्याने गर्भाच्या मज्जानलिकेतील दोष टळतात, हे १९९१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ब्रिटिश वैद्यकीय संशोधन परिषदेच्या चाचणीने सिद्ध केले आहे.

प्रथिने

अन्नातील प्रथिने २० ॲमिनो आम्लांपासून बनतात, पैकी नऊ माणसाच्या शरीरात तयार होत नाहीत. तृणधान्यांत लायसिन आणि कडधान्यांत गंधकयुक्त ॲमिनो आम्ले तुलनेने कमी असतात. वरण-भात, खिचडी, पिठले-भाकरी या जोड्यांत एकाची उणीव दुसरे भरून काढते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिन पुरेसे आहे.

ज्वारी आणि पेलाग्रा यांचा संबंध हे या विषयातील खास भारतीय प्रकरण आहे. नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा मका खाणाऱ्यांचा रोग मानला जात होता. दख्खनच्या पठारावरील ज्वारी खाणाऱ्या गरीब लोकांतही तो आढळला. ज्वारीत ट्रिप्टोफेन पुरेसे असते आणि त्यापासून शरीर नायसिन बनवू शकते. मग रोग का? सी. गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी १९६० मध्ये ज्वारीतील जादा ल्यूसिन या रूपांतरात अडथळा आणते असा विचार मांडला. या गृहीतकावर पुढे बरेच वाद झाले. भाकरीबरोबर डाळ, भाजी, दूध असलेल्या आहाराला हा धोका नाही, हे मात्र निर्विवाद आहे.

प्रयोगशाळेतील काम

प्रात्यक्षिकांत कर्बोदकांसाठी मोलिश, बेनेडिक्ट, सेलिवानॉफ आणि आयोडीन चाचण्या, प्रथिनांसाठी बाययुरेट व निनहायड्रिन, तेलांचा आयोडीन अंक व साबणीकरण अंक, रक्तातील हिमोग्लोबिन व ग्लुकोज यांचे मापन असे प्रयोग असतात. साखर गोड असूनही बेनेडिक्ट चाचणीला प्रतिसाद देत नाही, गूळ मात्र देतो. शुद्ध सुक्रोज क्षपणकारी नसते आणि गुळात काही सुक्रोज फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज झालेले असते, हे त्यामागील कारण. तरीही रक्तशर्करेच्या दृष्टीने मधुमेही रुग्णाला गूळ साखरेपेक्षा सुरक्षित ठरत नाही.

प्रथिनांचे मापन जेल्डाल पद्धतीने करतात. १८८३ मध्ये डेन्मार्कच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत ती विकसित झाली. या पद्धतीत प्रत्यक्षात नायट्रोजन मोजला जातो आणि त्याला साधारणपणे ६.२५ ने गुणून प्रथिनांचा आकडा काढतात. नायट्रोजन कोठून आला हे ती सांगत नाही. २००८ मध्ये चीनमध्ये पाणी घातलेल्या दुधात मेलामाइन हे नायट्रोजनयुक्त रसायन मिसळून प्रथिनांचा आकडा फुगवला गेला. सुमारे तीन लाख बालके आजारी पडली आणि सहा दगावली. प्रयोगवहीत ‘प्रथिने’ असे लिहिताना आपण काय मोजले आहे, याचे भान ठेवणे म्हणून आवश्यक ठरते.

क जीवनसत्त्वाचे अनुमापन डायक्लोरोफिनॉल-इंडोफिनॉल या निळ्या रंगद्रव्याने करतात. आवळ्याचा रस हा नेहमीचा नमुना. दर १०० ग्रॅम आवळ्यात ६०० मिलिग्रॅम क जीवनसत्त्व असल्याचे जुन्या भारतीय कोष्टकांत नमूद आहे, तर राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या कोष्टकांत हा आकडा सुमारे २५० आहे. जात, पक्वता, साठवण आणि मापनाची पद्धत यांनुसार असे आकडे बदलतात. विद्यार्थ्याने काढलेले उत्तर कोष्टकाशी जुळत नाही म्हणून ते खोडून ‘योग्य’ उत्तर लिहिण्याची प्रथा शास्त्राच्या विरुद्ध आहे.

अभ्यासातील अडचणी

पहिली अडचण परिभाषेची. मराठी माध्यमाच्या विद्यार्थ्याला राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात विकर, तंतुकणिका, ऑक्सिडीकरण हे शब्द भेटतात. अकरावीपासून तीच संकल्पना इंग्रजी नावाने येते आणि पदवीची हार्पर, लेहनिंजर किंवा सत्यनारायण यांची पुस्तके तर इंग्रजीतच असतात. पुढे रुग्णासमोर बसल्यावर पुन्हा मराठी लागते, आणि तीही पुस्तकी नव्हे. ‘शुगर वाढली’, ‘अंगात रक्त नाही’, ‘पित्त झाले’ अशा शब्दांत तक्रार येते. तिचे जीवरसायनशास्त्राच्या भाषेत रूपांतर करून सल्ला परत बोलीत सांगणे, हे कौशल्य कोणत्याही प्रश्नपत्रिकेत तपासले जात नाही.

दुसरी अडचण बदलत्या आकड्यांची. ग्लुकोजच्या एका रेणूपासून एटीपीचे ३८ रेणू मिळतात असे जुनी पुस्तके सांगतात, नवी पुस्तके ३० ते ३२ सांगतात. दोन्हींतील चक्र तेच आहे. इलेक्ट्रॉन-वहन साखळीत दर एनएडीएच मागे ३ ऐवजी सुमारे २.५ आणि दर एफएडीएच-२ मागे २ ऐवजी १.५ एटीपी बनतात, असे पुढील मापनांत आढळल्याने बेरीज बदलली. परीक्षेत कोणता आकडा लिहावा हा विद्यार्थ्यांचा नेहमीचा प्रश्न असतो. गृहीत धरलेले गुणोत्तर उत्तरात नमूद करणे हा त्यावरचा सरळ उपाय आहे.

रुग्णालयातील उपयोग

काही जन्मजात विकारांत आहार हाच मुख्य उपचार असतो. फिनाइलकीटोन्यूरिया या विकारात फिनाइलॲलनिनचे टायरोसिनमध्ये रूपांतर करणारे विकर निकामी असते आणि साचलेले फिनाइलॲलनिन बालकाच्या मेंदूला इजा करते. नॉर्वेच्या आस्ब्यॉर्न फॉलिंग यांनी १९३४ मध्ये हा विकार ओळखला. फिनाइलॲलनिन मोजून-मापून देणारा आहार १९५० च्या दशकाच्या आरंभी बर्मिंगहॅम येथे प्रथम यशस्वीपणे वापरला गेला. दूध, डाळ, अंडी हे एरवी पौष्टिक मानले जाणारे पदार्थ या बालकाला जपून द्यावे लागतात.

दीर्घकाळ उपाशी राहिलेल्या माणसाला भरपेट जेवू घालणे ही स्वाभाविक माणुसकी आहे, आणि तीच प्राणघातक ठरू शकते. दुसऱ्या महायुद्धानंतर छळछावण्यांतून व युद्धकैद्यांच्या तळांवरून सुटलेले अनेक जण अन्न मिळाल्यावर दगावले. या अवस्थेला पुनर्पोषण विकार म्हणतात. उपासमारीत शरीरातील फॉस्फेट, पोटॅशियम व मॅग्नेशियम यांचे साठे रोडावलेले असतात, तरी रक्तातील पातळी ठीक दिसते. अचानक कर्बोदके मिळाली की इन्शुलिन उसळते, ही खनिजे ग्लुकोजबरोबर पेशींत ओढली जातात आणि ग्लुकोजच्या चयापचयात फॉस्फेट खर्च होते. रक्तातील फॉस्फेट एकाएकी घसरते आणि हृदय व श्वसनाचे स्नायू निकामी होऊ शकतात. थायामिनचा साठा जेमतेम काही आठवड्यांचा असल्याने तोही संपलेला असतो. आलेल्या ग्लुकोजला पायरुवेटाच्या फाटकापाशी वाट मिळत नाही आणि मेंदूला कायमची इजा होण्याचा धोका निर्माण होतो. म्हणून अशा रुग्णाला अन्न किंवा ग्लुकोज सुरू करण्याआधी थायामिन देतात आणि अतिजोखमीच्या रुग्णाचा आहार दर किलो वजनामागे दिवसाला १० किलोकॅलरी किंवा त्याहूनही कमी प्रमाणापासून हळूहळू वाढवतात. मद्यपाशात अडकलेल्या, जेवण सुटलेल्या रुग्णालाही हेच लागू पडते.

तीव्र कुपोषित बालकांच्या उपचारातही हेच तत्त्व वापरले जाते. मेळघाट किंवा नंदुरबारसारख्या भागांतील पोषण पुनर्वसन केंद्रांत दाखल होणाऱ्या अशा बालकाला जागतिक आरोग्य संघटनेच्या पद्धतीनुसार आरंभी दर १०० मिलिलिटरमध्ये ७५ किलोकॅलरी असलेला, प्रथिने कमी असलेला दुधाचा आहार थोडा थोडा आणि वारंवार देतात. प्रकृती स्थिरावल्यावर आणि भूक परतल्यावर १०० किलोकॅलरीच्या आहाराकडे वळतात. बालक फिकट दिसत असले तरी पहिल्या टप्प्यात त्याला लोहाचे औषध देत नाहीत. लोहाचे वहन करणारे ट्रान्सफेरिन हे प्रथिन त्याच्या रक्तात कमी असते. न बांधलेले लोह पेशींचे ऑक्सिडीकरण घडवते आणि जंतूंच्या वाढीला मदत करते. संसर्ग आटोक्यात आल्यावर आणि वजन वाढू लागल्यावर लोह सुरू केले जाते.